भोगीच्या दिवशी तोड

पहाटे ४.३०

भोगीला उजाडायच्या आत मंडईत पोचावं लागतं. म्हणून डोक्याला बॅटरी बांधून परसात उतरले आणि घेवड्यापासून सुरुवात केली. दवात ओला असताना खुडलेला घेवडा दुपारपर्यंत ताजा राहतो, ऊन चढल्यावर खुडला तर टोपलीतच मऊ पडतो. वांगी मात्र देठाला थोडं लाकूड ठेवून कापायची, नाहीतर देठाचे काटे हातात बसतात आणि फळही लवकर सुकतं.

आमचं गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. घरामागं दोन-तीन गुंठ्यांचं परस आहे, त्याच्या पलीकडं उसाचं रान. मांडवावर घेवडा आणि दोडका, बांधाला शेवगा, मधल्या वाफ्यांत जवारी वांगी, लवंगी मिरची, मेथी, कोथिंबीर. मोरीचं पाणी जिथं उतरतं तिथं अळू आणि केळी. बी विकत आणत नाही. वेलावरची पहिली जोमदार शेंग खायची नाही, ती वाळू द्यायची आणि राखेत घोळून डब्यात भरायची, हा सासूबाईंचा नियम. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हे परस पाण्याखाली गेलं होतं. माती वाहून गेली, पण बियांचा डबा माळ्यावर होता, म्हणून त्याच वाणाचा घेवडा आज पुन्हा मांडवावर आहे.

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून आमच्या बचत गटातल्या बायका आपापल्या डब्यांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. बचत गटांच्या ‘उमेद’ अभियानानं पोषण परसबागेची मोहीम काढली, तिलाही गावात चांगला हातभार लागला. घरापुरती भाजी घरातच पिकली तर रोजचे पैसे वाचतात आणि लेकरांच्या ताटात हिरवं काहीतरी पडतं. या कामावर माझा जीव आहे.

टोपल्या भरेपर्यंत पाच वाजले. रस्त्यानं ट्रॅक्टरचा आवाज आला. मोकळ्या ट्रॉलीत उभी असलेली माणसं, बायकांच्या कानाला फडकी बांधलेली, मांडीशी कोयते. बीड जिल्ह्यातल्या धारूरकडची ऊसतोड टोळी आहे. दिवाळीनंतर आलीय, गावाबाहेरच्या गायरानाला त्यांच्या खोपी आहेत. भाजीसाठी मी साडेचारला उठले. त्यातल्या बायका तीनला उठून भाकऱ्या थापून निघाल्या होत्या.

सकाळी ६.३०

वडापच्या जीपनं कोल्हापूरला गंगावेशीत उतरून कपिलतीर्थ मंडईत येईतो उजाडायला लागलं होतं. पोतं अंथरलं, वाटे लावले. भोगीला मोकळी भाजी कमी जाते, मिसळीचा वाटा लगेच उचलतात. वांगी, घेवडा, पावटा, ओला हरभरा, गाजराचे दोन तुकडे, वर चार बोरं. जे माझ्या परसात नाही ते शेजारच्या मावशींकडून घ्यायचं आणि माझा घेवडा त्यांना द्यायचा.

“जवारी हाय न्हवं, मामी?” प्रत्येक गिऱ्हाईक आधी हेच विचारतं.

“परसातलं हाय. बगा, देठ बगा.”

कोल्हापूरच्या माणसाला आपल्या मातीतल्या चवीचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. वांगं जवारी, कोथिंबीर जवारी, कोंबडी जवारी. कांदा-लसणाची चटणी घरोघरी वर्षाची होते. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून पेला हातात देतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये. इथली माती, इथलं पाणी, इथली रीत, या सगळ्याचा त्यात मान राखला गेला.

पण भोगीचं ताट नीट बघितलं की एक गोष्ट ध्यानात येते. त्या भाजीबरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी लागतेच, आणि बाजरी आमच्याकडं जवळजवळ पिकत नाही. इथं पाऊस जास्त, रान उसाचं आणि भाताचं. बाजरी येते सोलापूर, नगर, मराठवाड्याच्या कोरड्या रानातून. म्हणजे आमच्या सणाच्या ताटातली अर्धी बाजू त्याच मुलखाची आहे, जिथून पहाटेची ती ट्रॉली भरून आली. ते धान्य आम्ही आपलं म्हणतो, सण त्यावर उभा करतो. माणसांच्या बाबतीत मात्र “बीडवाले आल्यात” एवढ्यावर बोलणं संपतं. माझं म्हणणं सरळ आहे. अन्न इथलं म्हणायचं असेल, तर ते रानातून काढणारी माणसंही इथलीच धरायला हवीत, निदान ती इथं आहेत तोवर.

आठ वाजायच्या आत सगळे वाटे संपले. फोन वाजला. घरून निरोप, “तोड आली.”

सकाळी ९

तोड येणं म्हणजे काय, हे उसाच्या गावात राहिल्याशिवाय कळत नाही. लागणीच्या तारखेप्रमाणं कारखान्याचं पाळीपत्रक असतं, पण पाळी पुढं-मागं होत राहते. ऊस पक्व होऊन रानात उभा राहिला, तुरे आले, की वजन घटायला लागतं. म्हणून कारखान्याचा चिटबॉय तोडीची चिठ्ठी घेऊन आला की सण असो, लग्न असो, माणूस रानात हजर होतो. आमचा वीस गुंठ्यांचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, आज निघणार होता.

मी पोचले तेव्हा टोळीनं निम्मा फड आडवा केला होता. जोडपं म्हणजे एक कोयता. नवरा-बायको मिळून एक हजेरी, एक हिशोब. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. माझ्या समोरच्या सरीत एक तिशीतली बाई होती. डाव्या हातानं उसाचा बुडखा धरायचा, कमरेत पूर्ण वाकून जमिनीला टेकून कोयता मारायचा. साखर सगळ्यात जास्त बुडख्यात असते, आणि चार बोटं वर तोडलं तर खोडव्याचा फुटवाही नीट येत नाही. मग ऊस उभा धरून कोयत्याच्या पाठीनं वरून खाली पाचट सोलायचं, एका घावात वाडं उडवायचं, ऊस डावीकडं टाकायचा. एका उसाला काही क्षणच लागतात. वीस-पंचवीस ऊस झाले की वाड्याच्याच दोन पात्यांना पीळ देऊन मोळी बांधायची. तिच्या मनगटाला जुनं धडकं गुंडाळलेलं होतं. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. गालावर आणि मानेवर त्याचे बारीक ओरखडे होते, काही कालचे, काही आजचे.

एका कोयत्याकडून दिवसाला दीड-दोन टन ऊस निघतो. जानेवारी २०२४ मध्ये कारखाने आणि तोडणी कामगारांच्या संघटनांत करार झाला आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला सुमारे २७३ रुपये होते, ते ३६६ झाले. म्हणजे पहाटेपासून अंधार पडेतो राबून दोन माणसांत मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये. तेही रोज हातात पडत नाहीत. हंगामाच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ही मजुरी त्या उचलीत वळती होत राहते. या टोळीत एकेका कोयत्याची उचल लाखाच्या घरात आहे. आजारपणानं खाडा झाला तर तोही त्यातूनच कापतात. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि त्या माणसाचा पुढचा हंगामही आजच बांधला जातो.

या सगळ्यात मालक कोण, हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम गावोगाव फिरून कोयते बांधतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी माझ्या उसाच्या बिलातून कापला जातो. म्हणजे पैसे माझे, काम माझ्या रानात, ऊस कारखान्याचा, माणूस मुकादमाचा. पाय कापला, साप चावला, बाळंतपण आलं, तर जबाबदार कोण, याचं उत्तर या साखळीतला प्रत्येकजण पुढच्याकडं बोट दाखवून देतो. त्यात मीही आहे, माझं नाव त्या साखळीच्या एका टोकाला आहेच.

सकाळी ११

बांधावरच्या आंब्याखाली आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसला होता. ती दीडेक वर्षाची, उसाचं कांडं चोखत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी मोटरसायकलवरून आले. हंगामात दर सोमवारी ते फडाफडावर फिरतात.

“किती दिवस झाले शाळेत आला नाहीस?”

“हिला कोण बघील?” मुलानं उत्तर दिलं. त्याला ते स्वच्छ माहीत होतं.

२००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानं या मुलाला आमच्या शाळेत वर्षाच्या मधेही दाखल करून घ्यावं लागतं. कागद नाहीत म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. गाव सोडताना मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायची पद्धतही राज्यानं आणली. बीडमध्ये हंगामी वसतिगृहं आहेत, म्हणजे आई-बाप गेले तरी मुलं आजीजवळ राहून शाळा चालू ठेवतील. पूर्वी कारखान्याच्या तळावर साखरशाळा भरायच्या. कोल्हापुरात ‘अवनि’ संस्थेनं, अनुराधा भोसले यांनी, ऊसतोड आणि वीटभट्टीवरच्या मुलांना शाळेत आणण्यात वर्षं घातली आहेत. योजना आहेत, माणसंही आहेत. पण या मुलाची अडचण दीड वर्षाच्या बहिणीत आहे. ती अंगणवाडीत बसली तरच तो शाळेत बसेल. अंगणवाडी पाऊण मैलावर आहे आणि तिची वेळ मोळ्या बांधायच्या वेळेच्या आतच संपते.

गुरुजींनी नाव लिहून घेतलं. मी अंगणवाडीच्या ताईंना तिथूनच फोन लावला. लेकराचं वजन घ्यायला आणि पोषण आहाराच्या यादीत नाव घालायला त्या संध्याकाळी टोळीच्या तळावर येतो म्हणाल्या. कामासाठी गाव बदलणाऱ्या बायका-मुलांची नोंद ठेवायची सोय त्यांच्या खात्यानं केलेली आहे, पण त्यासाठी कुणीतरी त्यांना कळवावं लागतं. कळवणारं माणूस म्हणजे त्या फडाचा शेतकरी, दुसरं कोण असणार?

दुपारी १

घरून भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, खर्डा आणि दही आणलं होतं. रानात येणाऱ्याला सणाचा घास द्यायचा ही आमच्याकडची जुनी रीत. टोळीतल्या बायका बांधावर बसल्या. मघाची बाई भाकरीचा तुकडा मोडून म्हणाली, “बाजरी चांगलीय तुमची.”

“तुमच्याकडचीच हाय,” मी म्हणाले. “बार्शीच्या बाजाराची.”

ती हसली. मग तिच्या गावची भोगी सांगायला लागली. तिकडंही हीच भाजी, फक्त त्यात चाकवत घालतात आणि घेवड्याऐवजी वाल. दारात सासूनं लावलेला वालाचा वेल आहे, तो आता शेंगांनी लगडला असेल. “पण खायला घरी म्हातारीच. तिला चावत नाहीत.” धारूरचं रान बालाघाटच्या डोंगरातलं, पावसावरचं. पावसाळ्यात सोयाबीन, कापूस, बाजरी, आणि दसऱ्यानंतर विहिरीत पाणी नाही. आमच्याकडं राधानगरीचं धरण शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभं राहिलं. नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, पाणी बारमाही खेळलं आणि मग ऊस आला. ज्या मुलखाला पाणी मिळालं तिथं पीक गेलं, ज्याला मिळालं नाही तिथून माणूस निघाला. तिच्याही घराला परस आहे. फक्त वर्षातले पाच महिने त्या परसाला मालकीण नसते.

जेवण झाल्यावर बायका पाण्याच्या कळशीकडं बघत बसल्या. पाणी भरपूर होतं, पण त्या घोटघोटच पितात. रानात आडोसा नाही, ऊस तुटत जातो तसा तोही कमी होतो. कमी पाणी, कमरेवरचं ओझं, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, अंगावर काढलेलं दुखणं, आणि मग गावाकडचा एखादा डॉक्टर पिशवी काढून टाकायचा सल्ला देतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती गोळा केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. खाडा झाला तर पैसे कापतात, म्हणून त्यातल्या अनेक बायकांनी शरीराचा अवयव काढून टाकला. हा आकडा वाचल्यापासून साखरेचा डबा उघडताना तो मला आठवतो. आठवायलाच हवा.

आम्ही काय करू शकतो? फडाच्या कडेला चार बांबू आणि जुन्या साड्यांचा आडोसा. आज मी तो केला होता. त्याला खर्च काही नाही, आणि एका बाईनं तिथून येऊन पोटभर पाणी प्यायलं.

दुपारी ३

संक्रांतीच्या तिळगुळाला गूळ हवा होता, म्हणून तासभर गुऱ्हाळावर जाऊन आले. चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर काहिलीत रस उकळत होता. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून गुळव्यानं मळी वर आणली आणि झाऱ्यानं काढून टाकली. पाक घट्ट व्हायला लागला तसा त्यानं थोडा पाण्याच्या वाटीत सोडला आणि बोटांनी गोळी वळून बघितली. गोळी वाटीच्या कडेवर आपटून टणक वाजली, तशी काहील उतरवायची हाक दिली. पाक वाफ्यात ओतला, निवायला लागल्यावर साच्यात भरून रवे तयार झाले. मानांकन मिळालेला गूळ तो हाच. गुऱ्हाळवाल्या काकांची तक्रारही जुनीच होती. गुळव्या आणि जळव्या मिळत नाहीत, गावातली पोरं शिरोलीच्या कारखान्यांत जातात, दरवर्षी एखादं गुऱ्हाळ बंद पडतं. इथल्या गुळाची कीर्ती टिकवायची असेल तर त्याच्या जाळापुढं उभं राहणाऱ्या माणसाचंही भलं व्हायला हवं.

दुपारी ४.३०

परत आले तेव्हा भरणी चालू होती. ट्रॉलीला तिरकी फळी लावलेली, डोक्यावर मोळी घेऊन एकामागून एक माणसं त्यावरून चढत होती. फळीला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, तरी ओलं पाचट अडकलं की पाय सरकतो. सकाळपासून वाकून तोडलेला ऊस आता मान ताठ ठेवून वर न्यायचा. बायका नवऱ्यांच्या बरोबरीनं मोळ्या नेत होत्या.

ट्रॅक्टर निघायच्या वेळी चालकानं वरचे पैसे म्हणून एंट्री मागितली. ही एंट्री आणि खुशाली शिवारात कुणाला नवी नाही. कुठल्या करारात ती नाही, पण दिली नाही तर गाडी लवकर भरत नाही. शेतकरी चिडतो आणि राग टोळीवर काढतो. रस्त्यावरचं राजकारणही असंच घडतं. ऊसदरासाठी आम्ही आंदोलनं केली, आणि ती रास्त होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये शिरोलीच्या पुलावर पुणे-बंगळूर महामार्ग रोखला गेला, त्यानंतर मागच्या हंगामाच्या उसाला टनामागे ५० ते १०० रुपये जास्त द्यायचं कारखान्यांनी मान्य केलं. पण त्या आंदोलनात तोडी बंद होत्या, तेव्हा टोळ्या खोपीत बसून होत्या. त्यांचं पोट उचलीवर चाललं होतं. आमच्या मागण्यांच्या यादीत त्या बसलेल्या दिवसांची भरपाई नव्हती. केंद्रानं २०२४-२५ साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली होती. एफआरपीसाठी भांडताना तोडणाऱ्याच्या मजुरीचीही बाजू आपण घेतली, तर शेतकऱ्याचं काही कमी होणार नाही. दोघांचा हिशोब शेवटी एकाच कारखान्याच्या खिडकीशी जातो.

बाहेरून मजूर आणायचा आणि त्याला बाहेरचाच ठेवायचा, ही रीत जगभर आहे. अमेरिकेनं १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेत मेक्सिकोतून लाखो मजूर शेतीवर आणले. आजही तिथल्या भाजीपाल्याच्या आणि फळांच्या शेतांवर एच-२ए नावाच्या व्हिसावर हंगामी माणसं येतात, आणि तो व्हिसा ज्या मालकानं काढला त्याच्याकडंच त्यांना राबावं लागतं. आमच्याकडं व्हिसा लागत नाही, ते काम उचल करते. माणूस आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत बोलणारा असतो, तरी काम सोडून जाऊ शकत नाही.

यंत्रानं तोड होईल, मजूर लागणारच नाहीत, असंही काहीजण म्हणतात. आमच्या वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्यांत, अरुंद वाटांत ते मोठं यंत्र वळतच नाही. आणि यंत्र आलं तरी धारूरच्या त्या बाईचं काय, याचं उत्तर त्याच्याबरोबर येणार नाही.

संध्याकाळी ६.३०

अंगणवाडीच्या ताईंबरोबर तळावर गेले. पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या खोपी, प्रत्येकीसमोर तीन दगडांची चूल. पाणी टँकरचं, तेही दिवसाआड. ताईंनी लेकरांची वजनं घेतली, नावं लिहिली. आंब्याखालच्या मुलीचं वजन वयाच्या मानानं बरंच कमी भरलं.

दुपारी भेटलेल्या बाईच्या खोपीमागं मी थबकले. आंघोळीचं पाणी जिथं वाहून जात होतं, तिथं हात-दीड हाताचा वाफा केला होता. कडेला विटांचे तुकडे, आत मेथी आणि कोथिंबीर. मेथी चार-चार पानांची झाली होती. टँकरचं पाणी दिवसाआड येत असताना तिनं आंघोळीचा थेंबही वाया जाऊ दिला नव्हता. बी तिनं गावाहून पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं.

“महिन्याभरात निघती,” ती म्हणाली. “तवर हलवलं न्हाई म्हंजी बरं.”

टोळी कुठं हलवायची ते मुकादम ठरवतो. मेथीला महिनाभर एका जागी राहायला मिळेल की नाही, हेही त्याच्याच हातात. परसबागेसाठी माती, पाणी आणि बी लागतं, हे आम्ही बचत गटात शिकवतो. सगळ्यात आधी तिथं राहायची खात्री लागते, ते मला या वाफ्यानं दाखवलं. मी तिला घेवड्याचं बी दिलं नाही. घेवड्याला दोन-अडीच महिने लागतात. पालक आणि मुळ्याचं दिलं.

रात्री ८.३०

जेवणं झाल्यावर बचत गटातल्या चौघीजणी आणि गुरुजी आमच्या सोप्यात बसले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत द्यायचा अर्ज लिहायचा होता. आधी कायद्याचं बोलणं झालं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा तेव्हा १९७९ चा होता, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यालाच लागू होता. बीडची टोळी पुढं निपाणीकडच्या कारखान्याला गेली असती तर कागदावर तरी तिला त्या कायद्याचं छप्पर होतं. साडेतीनशे-चारशे किलोमीटर येऊन ती हद्दीच्या अलीकडं थांबली, म्हणून नाही. राज्यानं गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढलं, त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे ठरले. ओळखपत्रं मात्र मजुरांच्या गावी मिळायची आहेत, आणि हंगामात मजूर गावी नसतात.

मताचं तेच. २०२४ मध्ये गळीत हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचं ठरलं आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. ज्यांचं नाव बीडच्या यादीत, त्यांनी मतदानाला थांबायचं की फडावर यायचं, हा पेच सगळ्या जिल्ह्याला पडला होता. इथल्या सरपंचाला, आमदाराला यांच्या मताची गरज नाही आणि तिकडच्याला यांचे इथले हाल दिसत नाहीत. म्हणून यांचा आवाज कुठल्याच सभागृहात पोचत नाही. आमचं मत इथं आहे, तेव्हा ते यांच्यासाठीही वापरणं हे आमचं काम आहे.

अर्जात पाच गोष्टी लिहिल्या. हंगाम सुरू होताना गावच्या हद्दीतल्या प्रत्येक टोळीची, बायका-मुलांसकट, ग्रामपंचायतीनं नोंद करावी आणि तशी यादी शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्राला द्यावी. तळावर नळाचं पाणी आणि बायकांसाठी संडास-न्हाणी यांची सोय करावी, आणि त्याचा खर्च कारखान्याकडं मागावा. राज्यात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, थोडं इथं आणि थोडं गावी घरच्यांना असं वाटूनही घेता येतं, हे दुकानदारानं तळावर येऊन सांगावं. हंगामापुरता अंगणवाडीचा एक वर्ग तळावर भरावा, म्हणजे मोठी भावंडं शाळेत येतील. आणि हंगाम संपेतो तळ हलवू नये, असं गावानं कारखान्याला लेखी कळवावं.

गुरुजींनी अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवला. चौघींनी सह्या केल्या, मी केली. ग्रामसभेत कुणीतरी विचारेल की ही बाहेरची माणसं, त्यांच्यावर गावचा पैसा का. त्याला द्यायचं उत्तर आमचं तयार आहे. गावचा पैसा उसाचा आहे, आणि तो ऊस रानात उभा राहून पैसा होत नाही, कुणीतरी वाकून तोडावा लागतो. उद्या संक्रांत. हळदीकुंकवाला घरोघरी जाऊ तेव्हा अर्ज बरोबर असेल. बायकांच्या जितक्या सह्या होतील तितक्या घ्यायच्या, आणि २६ तारखेला ग्रामसभेचा कोरम आम्हीच भरायचा.